एकशेऐंशी जोड, एक टेबल आणि न हलवायचा कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी वडील आणि काका कोल्हापुरी चपला करतात, मुलाला त्यांचं ऑनलाइन दुकान उघडायचंय. डिझाइन १८०. चार रविवार मोडले तरी फोटो झाले २२ जोडांचे. त्यातही टॅन रंग एका फोटोत नारिंगी, दुसऱ्यात चॉकलेटी. मागचा पांढरा कागद राखाडी आलाय, आणि मोबाइलच्या ॲपने पार्श्वभूमी कापली की गोंडा अर्धा गायब होतो. चांगला कॅमेरा घ्यावा, की काम बाहेर द्यावं?

मी कोल्हापुरात अठरा वर्षं वस्तूंचे फोटो काढतोय. चपला, गुजरी या इथल्या सराफ पेठेतले दागिने, गूळ, चटण्या, अगदी पंपाचे सुटे भागसुद्धा. तर काम बाहेर द्या असं सांगणं माझ्या फायद्याचं, पण तुम्हाला ते परवडणार नाही. दर दोन महिन्यांनी नवा माल येणार आणि दरवेळी १५-२० जोडांसाठी फोटोवाल्याकडे खेपा घालाव्या लागणार. कॅमेराही नको. तुमच्याकडे दोन-तीन वर्षांतला बरा मोबाइल असेल तर तो या कामाला पुरतो. याच गावात चित्रपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला होता. आपण निदान खिशातला नीट वापरून बघू.

तुमचा वेळ कुठे जातोय ते तुमच्या फोटोंवरूनच कळतं. २२ जोडांत पार्श्वभूमी चार प्रकारची आहे, कॅमेऱ्याची उंची प्रत्येक वेळी वेगळी, उजेड कधी डावीकडून तर कधी वरून. म्हणजे प्रत्येक जोडाला तुम्ही नव्याने सुरुवात केली आहे. साहजिकच नंतर प्रत्येक फोटो वेगळा दुरुस्त करत बसावं लागलं. हे काम उरकायचं असेल तर एकदा बसवलेलं हलवायचं नाही. कॅमेरा, दिवे, टेबल, सेटिंग सगळं जागच्या जागी, फक्त चप्पल बदलायची. मग एका फोटोला केलेली दुरुस्ती उरलेल्या सगळ्यांना एका झटक्यात लावता येते. पुढे जे लिहितोय ते सगळं एवढ्यासाठीच.

आधी जागा. खिडकीचा उजेड फुकट असतो आणि सुंदरही असतो, पण त्याच्या भरवशावर १८० जोड होत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात तर दहा मिनिटांत तीन तऱ्हा होतात: ढग आला, गेला, पुन्हा आला. घरातली अशी खोली घ्या जिची खिडकी पूर्ण झाकता येईल. भिंती पांढऱ्या असल्या तर उत्तम. गुलाबी किंवा पोपटी असल्या तर टेबलाच्या बाजूंना पांढऱ्या चादरी टांगा, नाहीतर तो रंग चामड्यावर उतरतो. आणि खोलीतली ट्यूब, बल्ब सगळं बंद. तुमच्या नारिंगी-चॉकलेटी घोळाचं निम्मं कारण हेच आहे: एका बाजूने खिडकीचा निळसर उजेड, वरून पिवळा बल्ब आणि मध्ये गोंधळलेला मोबाइल.

पार्श्वभूमीला कार्डशीट आणू नका. पाचव्या जोडाला त्यावर तेलाचा डाग पडतो आणि मग तो डाग प्रत्येक फोटोतून पुसत बसायचं. सुताराकडे किंवा प्लायवूडच्या दुकानात पांढऱ्या मॅट सनमायकाची शीट मागा, चकाकणारी नको. आठ बाय चारची येते, अर्धी कापून घ्या. एक कड टेबलावर, दुसरी मागे भिंतीला उंच टेकवलेली, मध्ये आपसूक गोलाई येते, त्यामुळे टेबल कुठे संपलं आणि भिंत कुठे सुरू झाली ते दिसत नाही. डाग पडला की ओल्या फडक्याने पुसायचा. माझी एक शीट सहा वर्षं चालली.

दिवे दोन हवेत. एलईडी घ्या, पण खोक्यावर सीआरआय ९५ किंवा जास्त लिहिलेलं बघून. हा आकडा दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगतो. स्वस्त एलईडीत तांबडा रंग नीट उमटत नाही, आणि आपलं चामडं तर सगळं त्याच तांबूस-तपकिरी घराण्यातलं. दोन्ही दिवे एकाच कंपनीचे, एकाच जातीचे, दिवसाच्या उजेडाचे, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपासचे असावेत. त्यांच्यापुढे ट्रेसिंग पेपर किंवा पांढरं मलमल ताणून लावायचं, कागद दिव्याला टेकू न देता.

आता दिवा कुठे ठेवायचा, यावर जरा थांबतो, कारण चपलेचा फोटो इथेच चांगला होतो किंवा मरतो. बहुतेक जण उजेड समोरून टाकतात. समोरून टाकलेल्या उजेडात पट्ट्यावरची चामड्याची वेणी सपाट दिसते, तळाच्या बाजूचा चामडी कान प्लास्टिकचा वाटतो आणि हाताने केलेली चप्पल कारखान्यातली दिसायला लागते. मुख्य दिवा मागे डावीकडे घ्या, चपलेच्या थोडाच वर. तो चामड्यावरून तिरका घसरत आला पाहिजे. तेव्हा वेणीच्या प्रत्येक पदराला स्वतःची सावली मिळते, पट्ट्यावरचे ठसे उठतात. पुढे उजव्या हाताला, चपलेपासून फूटभर अंतरावर पांढरा फोमबोर्ड उभा करा, म्हणजे सावलीची बाजू काळी पडत नाही. दुसरा दिवा फक्त मागच्या सनमायकावर. तो चपलेवर पडता कामा नये. पार्श्वभूमी राखाडी येण्याचा तुमचा त्रास या दुसऱ्या दिव्याने बराच कमी होईल.

उरलेला त्रास कॅमेऱ्याच्या स्वभावामुळे आहे. फोटोत पांढरं जास्त दिसलं की ‘उजेड फार झाला’ असं त्याला वाटतं आणि तो सगळंच मंद करतो. त्यावर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, आपणच वाढवायचं, साधारण अधिक १ पर्यंत. पण हावरटपणा नको. पार्श्वभूमी पूर्ण फटफटीत केली तर फिक्या पट्ट्याची कड तिच्यात विरघळते. पांढरं अगदी टोकाला पोचण्याआधी थांबा, शेवटची पायरी संगणकावर चढता येते.

मोबाइलची सेटिंगं अशी. लेन्स आधी पुसा (हसू नका, निम्मे धुरकट फोटो याने सुटतात). साध्या लेन्सने जवळ जाऊन काढलं की चपलेचा अंगठा मोठा आणि टाच बारीक येते. म्हणून दोन किंवा तीन पटीची झूम लेन्स वापरा आणि स्टँड तीन-चार फूट मागे न्या. प्रो मोड लावा, म्हणजे सेटिंगं हाताने बदलता येतात. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची तीव्रता, १०० पासून सुरू करा. वर म्हटलेलं एक्स्पोजर याच आकड्याने वाढवायचं. शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद, मधलं काही नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण भलत्या शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. एआय, एचडीआर, ‘रंग खुलवा’ असलं जे काही असेल ते बंद. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं याचं सेटिंग, ऑटोवर अजिबात ठेवायचा नाही. ऑटोवर मोबाइल प्रत्येक जोडाला नवा अंदाज बांधतो. समोर लाल गोंड्याची चप्पल आली की सगळं निळसर करतो, काळी आली की पुन्हा वेगळं. तुमच्या रंगांच्या भानगडीचं उरलेलं निम्मं कारण हे. आकडा ५५०० वर पक्का करा आणि सुरुवातीला एक फोटो करड्या कार्डाचा घ्या. ग्रे कार्ड म्हणून फोटोच्या दुकानात मिळतं. त्याच्याऐवजी पांढरा कागद चालत नाही, कारण कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात जे घालतात त्याने तो निळसर झुकतो.

रंगाबद्दल चपलेचीच म्हणून एक गोष्ट आहे, आणि ती फोटोच्या पुस्तकात सापडत नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं उजेडाने आणि तेलाने गडद होत जातं. तुमच्या घरात दाखवायला ठेवलेला जोड सहा महिन्यांत मधासारखा झालेला असतो. तो देखणा दिसतो म्हणून तुम्ही फोटोला तोच घेणार, आणि गिऱ्हाइकाला जाणार कालचा फिका जोड. ‘फोटोत वेगळा होता’ ही तक्रार तिथून येते. फोटो विकायच्या मालातल्याच जोडाचा काढा. वापरून रंग कसा चढतो ते दाखवायचं असेल तर जुना जोड शेजारी ठेवून एक वेगळा फोटो द्या आणि खाली तसं लिहा. तो फोटो लोक आवडीने बघतात.

याच बाबतीत मी एकदा सपशेल आपटलोय. एका गूळवाल्यासाठी फोटो काढले होते. रसायन न घातलेला, काळपट गूळ. मी ऑटोवर भरवसा ठेवला आणि वर संगणकावर थोडा ‘उठाव’ दिला. गूळ झाला सोन्यासारखा पिवळा. मला तो फोटो फार आवडला होता. पण त्याची गिऱ्हाइकं काळपट गुळासाठीच येणारी. पिवळा बघून निम्म्यांनी पाठ फिरवली, आणि ज्यांनी पिवळा म्हणून मागवला त्यांनी काळा आला म्हणून बोंब मारली. सगळे फोटो फुकट पुन्हा काढून दिले. आता तर ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियमही आहेत: जाहिरातीतली वस्तू प्रत्यक्षातल्या वस्तूशी जुळली पाहिजे, आणि न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. रंग खरा ठेवण्यात परतीचा कुरिअर खर्च वाचतो.

आता प्रत्यक्ष काढायचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे जोड बाहेर काढून लावा, डिझाइन नंबराच्या क्रमाने लावू नका. रंगाने लावा: फिके एकीकडे, टॅन एकीकडे, काळे आणि गडद शेवटी. काळ्यांना उजेड थोडा वाढवावा लागतो. ती वाढ एकदाच करायची, दर चौथ्या जोडाला वर-खाली नाही. त्या त्या रंगात पुन्हा आकाराने, म्हणजे पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचे. प्रत्येक जोडाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. त्याच वेळी घरातल्या कुणालातरी पुसायला बसवा: मऊ ब्रश, कोरडं सुती कापड, गोंड्याला कंगवा. तेल लावायचं असेल तर आदल्या दिवशीच, नाहीतर दिव्याखाली ठिपके चमकतात. धुळीचा एक कण ब्रशने दोन सेकंदांत जातो, संगणकावर तोच कण दोन मिनिटं खातो.

एका जोडाचे मी पाच फोटो घेतो: एकच चप्पल तिरकी, जोड शेजारी-शेजारी, बाजूने, तळ, आणि वरून. पहिल्या चारांसाठी कॅमेरा हलत नाही, चप्पल फिरवायची. कुठे ठेवायची त्याच्या खुणा सनमायकावर पारदर्शक टेपच्या बारीक तुकड्यांनी करून ठेवा. टाच या खुणेला, अंगठा त्या. चिठ्ठीचा फोटो आधी, मग चार फोटो, जोड बाजूला, पुढचा. सगळे १८० संपले की मग कॅमेरा वर टांगून ‘वरून’वाले सगळे एका दमात, पुन्हा चिठ्ठीसकट. मी सुरुवातीला प्रत्येक जोडाला पाचही कोन एकत्र घ्यायचो, कॅमेरा खाली-वर करत. दिवसाला ३० जोड झाले तरी पाठ मोडायची. कॅमेरा हलवणं थांबवलं तेव्हापासून एका मदतनिसाबरोबर ७०-८० सहज होतात. तुम्हाला पहिल्या दिवशी ४० जमले तरी खूप झालं.

तळाचा फोटो कंटाळा करून गाळू नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. तेव्हापासून ‘अस्सल आहे का’ हे विचारणारं गिऱ्हाईक वाढलंय असा माझा अनुभव आहे. अस्सलपणा वर्णनात कितीही लिहा, लोक शिवण बघतात. तळाच्या कडेची चामड्याच्या वादीची शिवण, खिळा नाही, हे जवळून स्पष्ट दाखवा. एवढ्यासाठी सहावा फोटो काढलात तरी हरकत नाही. करकर आवाज मात्र फोटोत येत नाही, त्याला दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, अंगणात चालताना.

स्टँडवर असताना बटण बोटाने दाबू नका, मोबाइल हलतो. दोन सेकंदांचा टायमर किंवा ब्लूटूथचं छोटं बटण. आणि अंगात काळा किंवा करडा शर्ट. चपलेला फारसा फरक पडत नाही, पण ही सवय मला साजाने लावली. गुजरीतल्या एका सराफासाठी कोल्हापुरी साज काढत होतो आणि प्रत्येक गोल मण्यात माझा जांभळा शर्ट बसलेला! घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं तेव्हा कळलं. एकवीस पानड्या, मध्ये मणी, आणि सगळीकडे मी. दागिन्यांचा विषय वेगळाच आहे, त्याला चारी बाजूंनी पांढरा तंबू लागतो आणि कडा उठायला काळ्या पट्ट्या. तो इथे वाढवत नाही.

आता संगणक. इथे तुम्हाला फार काम उरणार नाही, उरलं तर समजा टेबलावर काहीतरी हललंय. लाइटरूम किंवा तत्सम कुठलंही सॉफ्टवेअर घ्या ज्यात एका फोटोची दुरुस्ती बाकीच्यांना चिकटवता येते. ग्रे कार्डावर रंगाचा ड्रॉपर टेकवा, पांढऱ्याची पातळी थोडी वर, काटछाट चौकोनी. रंगाच्या एका गटातल्या एका फोटोला हे करायचं आणि अख्ख्या गटाला लावायचं. मग भराभर नजर फिरवायची.

गोंड्याचा प्रश्न बराचसा इथेच सुटतो, कारण पार्श्वभूमी मुळात पांढरी आली तर ती कापावी लागतच नाही. कापणारी ॲपं कडा ओळखतात. गोंड्याच्या सुट्या धाग्यांना कड कुठली? मग ती अंदाजाने छाटतात. तुमच्या स्वतःच्या दुकानाला पार्श्वभूमी हलकी करडी राहिली आणि चपलेखाली मऊ सावली राहिली तरी काही बिघडत नाही, उलट चप्पल जमिनीवर टेकल्यासारखी वाटते. सगळ्या फोटोंत सारखी असली म्हणजे झालं. शुद्ध पांढरं लागतं ते ॲमेझॉनसारख्या बाजारात, आणि तेही मुख्य फोटोलाच: आरजीबी, म्हणजे लाल, हिरवा, निळा, तिन्ही आकडे २५५, वस्तूने चौकटीचा निदान ८५ टक्के भाग भरलेला, फोटोवर मजकूर किंवा शिक्का नाही. पादत्राणांना एकच नग, तिरका, अंगठा डावीकडे. म्हणूनच वरच्या पाचांत तो कोन पहिला ठेवलाय. या एका फोटोसाठी पार्श्वभूमी कापलीत तर गोंडा पूर्ण मोठा करून डोळ्यांनी तपासा.

फाइलची नावं त्याच दिवशी द्या. उद्यावर टाकलंत तर ९०० फोटोंत ‘हा कापशी प्रकारचा जोड की तो’ करत आठवडा जाईल. डिझाइन नंबर, रंग, कोन, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये रेघ, जागा सोडायची नाही. चिठ्ठीचे फोटो मध्ये मध्ये आहेतच, त्यांच्या आधाराने गठ्ठ्याने नावं बदलणारं सॉफ्टवेअर वापरा. मूळ फोटो एका डिस्कवर जसेच्या तसे, त्याची एक प्रत दुसरीकडे.

दुकानावर चढवायला लांब बाजू २००० पिक्सेल पुरे. ॲमेझॉनवर मोठं करून बघण्याची सोय चालायला किमान १००० लागतात, त्याहून दुप्पट म्हणजे ऐसपैस. जेपेग, दर्जा ८० च्या आसपास, रंगाची जागा (कलर स्पेस, फाइल रंग कसे नोंदवते ती पद्धत) एसआरजीबी. हे शेवटचं विसरलात आणि ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या पद्धतीत फाइल गेली, तर बऱ्याच मोबाइलवर टॅन उदास, मेलेला दिसतो आणि तुम्ही पुन्हा दिव्यांना दोष देत बसाल. वेबपी वगैरे हलक्या फाइल-प्रकारात बदलणं शॉपिफायसारख्या ऑनलाइन दुकान चालवायच्या ठिकाणी आपोआप होतं, त्यात डोकं घालू नका. मापांचा तक्ता वेगळा फोटो म्हणून, शेवटी. तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा, कारण कोल्हापुरी नंबर आणि बुटाचा नंबर यांचा मेळ बसतोच असं नाही.

येत्या रविवारी १८० ला हात घालू नका. दहाच जोड घ्या, त्यात एक फिका, एक काळा, एक लाल गोंड्याचा असू दे. शेवटपर्यंत न्या, म्हणजे नाव देऊन, लहान करून, दुकानावर चढवून, आणि मग वडिलांच्या मोबाइलवर उघडा. प्रत्यक्ष जोड शेजारी ठेवून त्यांना विचारा, रंग हाच का. चामड्यावर आयुष्य काढलेल्या माणसाची नजर माझ्या मॉनिटरपेक्षा खरी. ते मान हलवतील तोपर्यंत फक्त त्या दहांवरच काम करा.

जमलं की स्टँडची उंची, टेबलापासूनचं अंतर, दिव्यांच्या जागा, सगळी सेटिंगं एका कागदावर लिहून शीटच्या मागे चिकटवा. टेपच्या खुणा काढू नका. दिवाळीचा माल आला की त्याच खुणांवर टाच टेकवायची आहे.